नाशिकहून जैसलमेरच्या वाळवंटात सात गाड्यांचा ताफा : नियोजनाबाबत मार्गदर्शन हवे

गोदाकाठचा प्रवासी

नमस्कार.

येत्या डिसेंबर महिन्यात आम्ही नाशिकमधील सात कुटुंबे आपापल्या गाड्या घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात जाण्याचे योजीत आहोत. एकूण १९ माणसे आहेत. त्यांत दोन मुले दहा वर्षांखालील आहेत आणि माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. चार थार, एक स्कॉर्पिओ-एन आणि एक जिम्नी अशा सहा गाड्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या आहेत. सातवी जुनी स्कॉर्पिओ केवळ मागच्या चाकांवर चालणारी आहे. थार आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते. जिला त्या वाळवंटाचे नाव दिले आहे, ती गाडी एकदा तरी तिथल्या वाळूत चालवावी, ही इच्छा आमच्या मनात बरीच वर्षे आहे.

आमचा सगळा अनुभव सह्याद्रीतला आहे. पावसाळ्यात घोटी, पेठ आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील चिखलवाटा आम्ही अनेकदा तुडवल्या आहेत, पण वाळूत गाडी कोणीही चालवलेली नाही. आमच्यापैकी दोघे निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदार असल्यामुळे काढणीच्या धांदलीपूर्वी परतणे त्यांना भाग आहे, म्हणून डिसेंबर निवडला.

आराखडा असा आहे. पहिल्या दिवशी सापुतारा, वघईमार्गे अहमदाबाद गाठावे, दुसऱ्या दिवशी सांचोर, बाडमेरमार्गे जैसलमेरला पोहोचावे आणि त्यानंतरचे तीन दिवस वाळवंटात घालवावेत. त्यांतील एका दिवशी सीमेजवळच्या तनोटहून रस्ता सोडून थेट वाळूतून दक्षिणेकडे सम या गावापर्यंत यावे, असा सर्वांचा उत्साह आहे. हे कितपत शक्य आहे? सातवी गाडी वाळूत न्यावी की नाही? आणि मोबाइलला रेंज नसलेल्या भागात सात गाड्या एकत्र कशा ठेवाव्यात? एकाने परदेशातून सॅटेलाइट फोन मागवण्याचे सुचवले आहे. ज्यांनी असा प्रवास प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वाळूवाट (सिडको, नाशिक)

आपला आराखडा काळजीपूर्वक वाचला. गेल्या काही वर्षांत मी चार वेळा हिवाळ्यात त्या भागात गाडी नेली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तनोट ते सम हा बेत आधी रद्द करावा. तनोटच्या मंदिरापर्यंत आणि लोंगेवालाच्या युद्धस्मारकापर्यंत भारतीय नागरिकाला डांबरी रस्त्याने जाता येते. तनोटच्या पुढे सीमेवरील चौकीपर्यंत जायचे असेल तर सीमा सुरक्षा दलाचा परवाना लागतो. या पट्ट्यात रस्ता सोडून वाळूत शिरणाऱ्या सात परक्या गाड्या जवानांना संशयास्पद वाटतील, आणि वाटायलाच हव्यात. सॅटेलाइट फोन तर मुळीच नेऊ नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन भारतात बाळगणे बेकायदा आहे. ड्रोनही घरीच ठेवावा. लोंगेवालाला मात्र अवश्य थांबा. डिसेंबर १९७१ च्या लढाईत पाकिस्तानी रणगाडे तिथल्या मऊ वाळूत अडकले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांच्या तावडीत सापडले. पट्ट्यांवर चालणारे रणगाडे जिथे रुतले, ती वाळू डोळ्यांनी पाहिली की आपल्या गाडीविषयीच्या कल्पना आपोआप जागेवर येतात.

आता गाडी चालवण्याविषयी. तुमचा सह्याद्रीतला अनुभव पहिल्या दिवशी उपयोगी पडण्याऐवजी आड येईल, हे सर्व चालकांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. चिखलात गाडी अडली की आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. चाके जोरात फिरली की टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो आणि खालचा घट्ट थर हाती लागतो. वाळूत असा थर खाली नसतोच. जागच्या जागी फिरणारे चाक स्वतःसाठी खड्डा खणत जाते आणि तीन-चार सेकंदांत गाडी पोटावर टेकते. म्हणून गाडीची गती थांबून केवळ चाके फिरत आहेत असे जाणवताच पाय उचलावा, रिव्हर्स टाकावा आणि आपल्याच चाकोरीतून हळूहळू मागे येऊन पुन्हा प्रयत्न करावा. माझ्या पहिल्या प्रवासात मला हे कोणी सांगितले नव्हते आणि पहिल्याच दुपारी मी फावड्याने दोन तास वाळू उपसत होतो. ब्रेकचेही तसेच आहे. करकचून ब्रेक दाबला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. शक्य तिथे पाय सोडून गाडी आपणहून थांबू द्यावी, आणि थांबायचे ते उताराकडे तोंड करून.

सर्वांत मोठा फरक टायरमधील हवेने पडतो. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय हवा ठेवत असाल तर वाळूत शिरण्यापूर्वी ती १८ वर आणावी, आणि तरीही गाडी रुतत असेल तर १५ वर. हवा कमी केली की टायर रुंद होतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा जमिनीवर टेकलेला भाग मुख्यतः लांबीला वाढतो आणि गाडीचे वजन अधिक जागेवर पसरते. १२ च्या खाली मात्र जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. १५ वर असतानादेखील झटक्याने वळू नये. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर वेगात टायर तापून फुटू शकतो. सहा फोर बाय फोर गाड्यांचे २४ टायर होतात. एका कंप्रेसरवर सगळे भरायला बसलात तर दोन तास सहज जातील आणि कंटाळून कोणीतरी तसाच निघेल. म्हणून बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचे किमान तीन कंप्रेसर न्यावेत. लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो.

वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात. वाऱ्याकडची बाजू मंद चढाची असते आणि पलीकडची ३२ ते ३४ अंशांनी कोसळलेली असते. खालून दोन्ही बाजू सारख्याच वाटतात, इथेच अपघात होतात. चढ सरळ चढावा, माथा जवळ येताच वेग सोडावा आणि पलीकडचे दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये. शंका असेल तर एकाने आधी पायी वर जाऊन पाहावे. उतरतानाही गाडी सरळच ठेवावी. उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते. भर दुपारी सावल्या नसल्यामुळे खड्डा आणि उंचवटा वेगळा ओळखता येत नाही, म्हणून उजाडल्यापासून अकरापर्यंत आणि साडेतीन ते पाच एवढाच वेळ वाळूत गाडी चालवण्यासाठी धरावा.

ताफ्याविषयी एकच नियम पुरेसा आहे, परंतु तो सर्वांनी न चुकता पाळावा लागतो: प्रत्येक चालक आपल्या मागच्या गाडीला जबाबदार असतो. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की थांबायचे. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, आणि काही मिनिटांत सबंध ताफा आपोआप थांबतो. आमच्या दुसऱ्या प्रवासात प्रत्येकाची नजर पुढच्या गाडीवर होती. चौथी गाडी रुतली, पाचवीने तिला वळसा घातला आणि ती दुसऱ्या वाटेने गेली असेल असे सर्वांनी गृहीत धरले. ती सापडेपर्यंत दीड तास गेला आणि सूर्य मावळतीला आला होता. गाडीत आई आणि चार वर्षांची मुलगी होती. त्या दिवसापासून हा नियम आम्ही मोडलेला नाही.

सहा गाड्यांचे तीन-तीनचे दोन गट करावेत, प्रत्येक गटात पुढे आणि शेवटी त्यातल्या त्यात सराव झालेला चालक ठेवावा. धोऱ्यावर एका वेळी एकच गाडी चढेल. ती पलीकडे सुखरूप उतरून बाजूला झाल्याचे रेडिओवर सांगेपर्यंत पुढची गाडी पायथ्याशी थांबेल. त्यासाठी ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीचे परवानामुक्त वॉकी-टॉकी चालतात. धोऱ्यांच्या मधल्या खोलगट जागेत त्यांचा आवाज पोहोचत नाही, तेव्हा गाडीवर उंच काठीला भगवा किंवा लाल झेंडा बांधावा; माथ्याच्या पलीकडून गाडीआधी तो दिसतो.

रुतलेली गाडी ओढताना दोर टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही अडकवू नये. तो गोळा तुटून उडाला तर तोफगोळ्यासारखा येतो. गाडीच्या चासीला असलेल्या हुकालाच शॅकलने (लोखंडी कडीने) दोर जोडावा आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे राहावे. बहुतेक वेळा ओढण्याची गरजच पडत नाही. चाकांपुढची वाळू उपसली, हवा आणखी थोडी कमी केली आणि चाकांखाली सँड लॅडर (पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) सरकवले की गाडी निघते.

सातवी गाडी वाळूत नेऊ नये. तिच्या मालकाचे कौशल्य कितीही असो, बाकी सहा गाड्यांचा दिवस तिला बाहेर काढण्यात जाईल आणि वाईटपणा त्या मालकाला येईल.

माळरान

वरील प्रतिसादातील तांत्रिक भागाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु त्याहून आधीचा प्रश्न राहून गेला आहे: गाडी नेमकी कोणाच्या जमिनीवर चालवणार?

जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून सुमारे ३१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ज्या सम व खुरीच्या धोऱ्यांवर सगळे पर्यटक जातात, त्या दोन्ही बाजूंचा बराच प्रदेश या उद्यानाच्या हद्दीत येतो. तिथे परवानगी न घेता रस्ता सोडून गाडी घालणे म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग करणे होय. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पाहायला एकेकाळी लोक जात असत. आज तिथे तो क्वचितच दिसतो. जगात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास आहेत आणि त्यांतील बहुसंख्य याच वाळवंटात आहेत. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. डिसेंबर हा विणीचा मुख्य काळ नसला, तरी सेवण गवताचे जे झुबके आपल्याला टायरखाली नगण्य वाटतात, त्यांतच या पक्ष्याचा चारा आणि आडोसा असतो, आणि तुटलेला झुबका तिथल्या तुटपुंज्या पावसावर सावरायला फार काळ जातो.

बाकीची जमीनही ओसाड नाही. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गायरान, आपल्या देवराईसारखे. तिथे झाड तोडत नाहीत. खडीन म्हणजे मातीचा लांब बांध घालून पावसाचे पाणी अडवलेले शेत. पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी बांधलेल्या काही खडिनांत आजही गहू आणि हरभरा पिकतो. डिसेंबरात तिथे पीक उभे असते. त्या बांधावरून एक गाडी गेली तर चाकोरी पडते आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटते. निफाडच्या बागाईतदारांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. आपल्या बागेच्या बांधावरून अनोळखी सात गाड्या गेल्या तर काय वाटेल, याचा त्यांनीच विचार करावा.

म्हणून माझा आग्रह असा की जैसलमेरमधील उद्यानाच्या कार्यालयाला दोन महिने आधी पत्र लिहून हद्दीचा नकाशा मागवावा, हद्दीबाहेरच्या एखाद्या गावातील माहीतगार माणूस तिन्ही दिवस सोबत घ्यावा आणि तो दाखवील त्याच उघड्या, गवत नसलेल्या धोऱ्यांवर जावे. त्याचे मानधन ठरवताना घासाघीस करू नये. शिवाय नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी स्वतःला साफ करताना अतिशय तापते. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी केली तर आग लागू शकते. गाडी नेहमी मोकळ्या वाळूवरच थांबवावी.

गोदाकाठचा प्रवासी

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. तनोट ते सम हा बेत रद्द केला आहे आणि तनोट, लोंगेवाला डांबरी रस्त्यानेच करू. खडिनांविषयी आमच्या बागाईतदार मित्रांना वाचून दाखवले, तेव्हा माहीतगार माणूस घेण्याचा निर्णय त्यांनीच एकमताने करून टाकला.

आता प्रश्न वडिलांचा आहे. त्यांना कंबरेचा जुना त्रास आहे, परंतु वाळूत गाडीत बसण्याची त्यांची तीव्र इच्छा आहे. त्यांना नाही म्हणणे मला जड जात आहे. मुलांच्या बाबतीतही काय काळजी घ्यावी?

अस्थिरोगतज्ज्ञ (इंदिरानगर)

आपल्या वडिलांना धोऱ्यांवर गाडीत बसवू नये, हे मी स्पष्टपणे लिहितो, कारण अशा सहलींत होणारी एक ठरावीक दुखापत लोकांना माहीत नसते. गाडी माथ्यावरून वेगात पुढे झेपावते, पुढची चाके खाली आदळतात आणि बसलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्यावर सरळ वरून दाब येतो. छाती आणि कंबर यांच्या सांध्याजवळचा मणका त्या दाबाने चेपतो. सीटबेल्ट लावलेला असतानाही हे होते, कारण बेल्ट पुढे फेकले जाणे रोखतो, खालून येणारा धक्का रोखत नाही. वाढत्या वयात हाडे ठिसूळ झालेली असतील तर लहानशा आदळण्यानेही मणका चेपू शकतो. मागच्या चाकांवरच्या सीटवर हा धक्का अधिक बसतो. कंबरेचा त्रास असलेली कोणतीही व्यक्ती, गर्भवती स्त्री आणि नीट बेल्ट न बसणारी लहान मुले यांनी धोऱ्यांवरच्या फेरीत नसावे.

तरीही वडिलांची इच्छा अपुरी राहण्याचे कारण नाही. धोऱ्यांच्या पायथ्याशी सपाट वाळूचे पट्टे असतात. तिथे हवा कमी केलेल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवून, ताशी १५ ते २० किलोमीटरच्या वेगाने त्यांना अर्धा तास फिरवून आणावे.

कोणी आदळल्यानंतर पाठीत तीव्र दुखत असल्याचे सांगत असेल तर त्याला उठवून बसवू नये, चालवून पाहू नये. सपाट ठेवून, मान आणि कंबर न वाकवता हलवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जैसलमेरला शासकीय रुग्णालय आहे. गंभीर दुखापतीसाठी जोधपूरचे एम्स जवळपास पावणेतीनशे किलोमीटरवर आहे, हे अंतर लक्षात ठेवूनच वाळूतले प्रत्येक धाडस तोलावे.

बाकी गोष्टी थोडक्यात. थंडीत तहान जाणवत नाही, तरीही दिवसभरासाठी माणशी पाच लिटर पिण्याचे पाणी प्रत्येक गाडीत स्वतंत्र असावे. सगळे पाणी एकाच गाडीत ठेवू नये. रात्री तापमान पाच अंशांच्या आसपास उतरू शकते. त्या भागात फुरसे आढळते. थंडीत साप कमी फिरतात, परंतु रात्री अनवाणी चालू नये आणि सकाळी बूट झटकून घालावेत. गाडीतील जड वस्तू, विशेषतः गाडीच्या मागच्या भागातील स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन, पट्ट्यांनी घट्ट बांधावेत. डोक्याच्या अनेक जखमा त्यांच्यामुळे होतात.

रेतीचा सोबती

एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या दोन दिवसांत हजाराहून अधिक किलोमीटर गाडी चालवून तिसऱ्या सकाळी वाळूत उतरणे हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. आम्ही नेमके तेच केले होते आणि आमच्या चालकांची चूक वाळूमुळे नव्हे, तर थकव्यामुळे झाली. तिसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा, जैसलमेरचा किल्ला पाहावा, गाड्यांची एअर फिल्टर आणि नटबोल्ट तपासून घ्यावेत, टाक्या भरून घ्याव्यात. वाळूत इंधन रस्त्यापेक्षा दीडपट ते दुप्पट लागते. त्यासाठी तीनऐवजी दोनच दिवस वाळूत मिळाले तरी चालतील. तसेच २३ डिसेंबर ते २ जानेवारी या काळात समला एवढी गर्दी असते की धोऱ्याच्या पलीकडून भाड्याची जीप समोर येईल की काय, याचा भरवसा नसतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा निवडावा.

गंगापूर रोड

ज्या सातव्या गाडीविषयी वर चर्चा झाली, तिचा मालक मी आहे. हा धागा मला मित्राने पाठवला. खरे सांगायचे तर पहिला प्रतिसाद वाचून मला वाईट वाटले, कारण त्या स्कॉर्पिओने मला गेली तेरा वर्षे कुठेही अडवलेले नाही. रात्री पुन्हा वाचले. चार वर्षांची मुलगी ज्या गाडीत होती, तो परिच्छेद दोनदा वाचला.

मी असे ठरवले आहे. माझी गाडी डांबरी रस्त्यावरच राहील. तिच्यात जादा पाणी, औषधांची पेटी, एक कंप्रेसर आणि सर्वांचे सामान असेल, म्हणजे बाकी सहा गाड्या वाळूत हलक्या होतील. काका (प्रवाशाचे वडील) आणि दोन्ही मुले माझ्यासोबत असतील आणि अस्पतालात न्यायची वेळ आलीच तर एक भरलेल्या टाकीची गाडी रस्त्यावर तयार असेल. काकांना सपाट वाळूवर फिरवण्याचे काम जिम्नीवाल्याने करावे, कारण आमच्यात सर्वांत सावकाश गाडी तोच चालवतो.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता सर्वांनी आपापले प्रेशर गेज घेऊन माझ्या घरी यावे. सहा गाड्यांच्या २४ टायरांची हवा १८ वर आणून पुन्हा ३२ पर्यंत भरायला तीन कंप्रेसरवर नेमका किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहू.